कृपया डांबर टाकू नये

आपल्याकडे रिकामी गोष्ट कुणालाच बघवत नाही. रिकामा माणूस दिसला की त्याला काम सांगतात, रिकामी भिंत दिसली की तिच्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा चिकटवतात आणि रिकामी वाट दिसली की तिच्यावर डांबर ओततात. यातला माणूस निदान पळून जाऊ शकतो. भिंतीवरचे साहेब पहिल्या पावसात विरघळतात. वाटेला मात्र सुटका नाही. एकदा डांबर पडले की ती वाट राहत नाही, रस्ता होते; आणि रस्ता झाला की त्यावरून चालायची किंवा सायकल मारायची सोय संपते.

म्हणून हा लेख वाटेच्या बाजूने आहे. पनवेलच्या आसपास गाढी नदीच्या आणि खाडीच्या कडेने मातीच्या, मुरमाच्या, खडीच्या ज्या वाटा तुकड्यातुकड्याने अजून शिल्लक आहेत, त्यांची वकिली करायला कुणी नाही. वाटेला मतदानाचा हक्क नसतो हे त्याचे एक कारण असावे.

पनवेल हे गाव नसून गाठ आहे. पुण्याला जाणारे आणि गोव्याला जाणारे रस्ते इथे एकमेकांच्या गळ्यात पडतात. अर्ध्या महाराष्ट्राने पनवेल पाहिले आहे ते एस. टी.च्या खिडकीतून, 'गाडी दहा मिनिटे थांबेल' या दहा मिनिटांत. आता इतके रस्ते असल्यावर त्यातला एखादा सायकलीच्या वाट्याला यावा की नाही? 2002 साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्यावर सायकलीला मज्जाव. 12 जानेवारी 2024 ला 21.8 किलोमीटरचा अटल सेतू झाला. त्यावर सायकल सोडाच, मोटारसायकललाही बंदी. ऑक्टोबर 2025 मध्ये शेजारी विमानतळाचे उद्घाटन झाले. म्हणजे पनवेलचा माणूस आता घराजवळून विमानात बसू शकतो. पण तोच माणूस सायकल काढून हमरस्त्यापलीकडे कोथिंबीर आणायला निघाला, तर घरची मंडळी त्याला सीमेवर चालल्यासारखा निरोप देतात.

सायकलीला आमच्या भागात एकच जागा उरली आहे, ती म्हणजे बांध.

हा बांध म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकांना सांगायला हवे. आमच्याकडे समुद्र भरतीच्या वेळी खाडीतून थेट शेतापर्यंत चौकशीला येतो. त्याला बाहेर थोपवण्यासाठी पूर्वजांनी माती-दगडांचे लांबच लांब बांध घातले आणि आतल्या खाजणात भात पिकवले. या बांधांना जागोजागी उघाड्या असतात. उघाडी म्हणजे झापेचे दार. भरतीचे पाणी बाहेरून रेटते, दार आपोआप बंद होते. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी दार ढकलून बाहेर पडते. वीज नको, वॉचमन नको, दुपारी जेवणाची सुट्टी नाही. माझ्या पाहण्यात विनातक्रार दोन्ही पाळ्या करणारा हा एकमेव कर्मचारी. या जमिनींसाठी 1948 साली कायदा झाला, 1979 साली दुसरा झाला, आणि खुद्द पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे. तिथे काढलेल्या, खारेपणा सोसणाऱ्या भाताच्या जातींची नावेच मुळी 'पनवेल 1', 'पनवेल 2' आणि 'पनवेल 3' अशी आहेत. ट्रॅफिकसाठी गाव प्रसिद्ध असणे आणि भाताच्या नावाने प्रसिद्ध असणे यात काही फरक आहे की नाही?

तर या बांधाच्या माथ्यावरून सायकल चालवावी. एका अंगाला तिवरांचे रान आणि चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं. चाकाखाली मुरूम कुरकुरतो, एवढाच आवाज. ट्रक नाही, डंपर नाही, 'हॉर्न ओके प्लीज' नाही. ओरडतेच कुणी तर टिटवी. पण तीही 'बाजूला व्हा' म्हणत नाही, 'इकडे का आलात?' म्हणते. प्रश्न रास्त आहे, कारण तिने अंडी तिथेच जमिनीवर घातलेली असतात. आपण उतरून सायकल हातात धरून पुढे जावे. शेकाट्या लांब गुलाबी पायांवर उभा राहून पाण्यात काहीतरी हरवल्यासारखा शोधत असतो. खंड्या तारेवर बसून ऑडिटरसारखा सगळ्यांकडे संशयाने बघतो. शेततळ्यात जिताडा वाढत असतो. (जिताड्याबद्दल सविस्तर लिहिले तर लेखाचा विषय बदलेल, म्हणून संयम.)

हल्ली या उद्योगाला 'ग्रॅव्हल सायकलिंग' असे भारदस्त नाव मिळाले आहे. अमेरिकेत कॅन्सस नावाच्या राज्यात 2006 पासून खडीच्या रस्त्यांवर 200 मैलांची शर्यत भरते म्हणे. भरो बापडी. आमच्याकडे दूधवाला, पोस्टमन आणि पाववाला हे तीन खेळाडू हीच शर्यत रोज पळत होते, तेही बावीस इंची काळ्या सायकलवर, मागे दोन कॅन बांधून आणि पायात स्लीपर घालून. त्यांना कुणी पदक दिले नाही. दूध पातळ आहे एवढंच सांगितलं.

नव्या खेळाडूंवर माझा राग नाही. घट्ट कपडे आणि लाखाच्या घरातली सायकल यामुळे बांधाचे काही बिघडत नाही. फक्त वाहनमुक्त वाटेवर सायकल चालवण्यासाठी ती सायकल मोटारीच्या पाठीवर बांधून आणायची, आणि मोटार बांधाच्या तोंडाशी आडवी लावायची, हा हिशेब मला जुळवता येत नाही. कॉमर्सच्या पदवीपर्यंत तरी तो शिकवत नाहीत.

माझा खरा दावा तीन पक्षांवर आहे.

पहिला डांबरवाला. वाट दिसली की त्याच्या हाताला खाज सुटते. बांध हा रस्ता नसून भिंत आहे, हे त्याला पटत नाही. भिंतीवरून डंपर न्यायचा नसतो, हे आपण आपल्या घराच्या बाबतीत लगेच समजतो. बांध खचला की खांड पडते, खारे पाणी आत शिरते, आणि ते मीठ धुऊन निघायला एक पावसाळा पुरत नाही. तोवर शेतकऱ्याने काय खायचे? डांबर?

दुसरा सुशोभीकरणवाला. हा पहिल्यापेक्षा धोकादायक, कारण हा हसत येतो. याला सायकल आवडते. म्हणून तो वाटेवर पेव्हर ब्लॉक बसवतो, दोन्ही बाजूंना रेलिंग लावतो, दर वीस पावलांवर दिवा, दर चाळीस पावलांवर देणगीदाराच्या नावाचे बाकडे, आणि शेवटी 'आय लव्ह' अशी तांबडी अक्षरे. दिव्यांनी आणि गर्दीने पक्षी उडून गेले की त्याच जागी फायबरचे दोन रोहित पक्षी उभे करतो. हे पक्षी भरती-ओहोटी पाहत नाहीत, बारा महिने राहतात, आणि त्यांच्याबरोबर फोटो काढता येतो. प्रशासनाच्या दृष्टीने हाच आदर्श पक्षी.

तिसरा भराववाला. हा बोलतच नाही. रात्री येतो, राडारोडा ओततो आणि जातो. त्याच्या भाषेत खाजण, दलदल, पाणथळ या सगळ्यांना एकच शब्द आहे: पडीक.

इथे मला माझ्या धंद्याचा दाखला द्यावाच लागेल. प्रत्येक बँकेला आपल्या ठेवींचा ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो. याला सी. आर. आर. म्हणतात. त्यावर एक पैसा व्याज मिळत नाही. भराववाल्याच्या भाषेत तो पैसा पडीकच. पण उद्या सगळे खातेदार एकाच वेळी दारात आले, तर असल्या राखीव पैशाचा आधार असतो. म्हणूनच त्याला कुणी हात लावू देत नाहीत. खाजण हा पाण्याचा सी. आर. आर. आहे. 26 जुलै 2005 ला सगळे खातेदार एकदम आले होते. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, आणि इकडे गाढीचे पाणी पनवेलच्या घरांत शिरले. पाण्याला पसरायला जागा लागते. आपण ती बुजवली तर ते आपल्या दिवाणखान्यात पसरते, आणि तिथे टोकन नंबरही विचारत नाही.

कायदे नाहीत असे नाही. 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवने तोडायला सक्त मनाई केली. पण पाणथळ जागांचे 2017 चे केंद्रीय नियम वाचा. त्यांच्या व्याख्येतून नदीचे पात्र वगळले आहे, भातशेती वगळली आहे, मिठागरे वगळली आहेत, मत्स्यशेतीसाठी केलेली तळी वगळली आहेत. आता आमच्याकडे ओले असे याखेरीज काय आहे हो? आमच्या शेजारच्या ठाणे खाडीचा रोहित पक्षी अभयारण्याचा भाग 2022 साली रामसर यादीत गेला, ही अभिमानाची गोष्ट. परंतु भरती आली की तिथला चिखल पाण्याखाली जातो आणि ते पक्षी उभे राहायला जागा शोधत नेरुळकडच्या पाणथळींवर येतात. सहा तास यादीत, सहा तास यादीबाहेर! इतकी बदलीची नोकरी आमच्या बँकेतसुद्धा नाही.

आता कुणी म्हणेल, 'शहरातल्या बाबूला रविवारी हवा खायला वाट हवी, म्हणून गावकऱ्यांनी जन्मभर चिखल तुडवायचा काय?' प्रश्न वाजवी आहे, आणि तो विचारण्याचा अधिकार इथल्या माणसाला नक्की आहे. 1970 साली सिडको आली, तिच्या शहरासाठी जमिनी गेल्या, आणि 1984 साली जासई-दास्तानला रास्त मोबदला मागताना पाच माणसे गोळीबारात गेली. अशा माणसांना मी निसर्गप्रेम शिकवणार नाही. गावाला पक्का रस्ता हवाच. शाळेला, दवाखान्याला, भाताच्या ट्रॉलीला हवाच. पण तो गावातून जाऊ द्या. बांधाला लागते ती माती, दगड आणि वेळेवर डागडुजी. उघाडीचे झाप कुजले की ते बदलायला लागतात. रेलिंगला आणि फायबरच्या पक्ष्यांना सापडतात तेवढे पैसे उघाड्यांना सापडोत. बांध धड राहिला तर शेतकऱ्याचे भात वाचेल, नाखव्याची चिंबोरी वाचेल, शहराचा दिवाणखाना कोरडा राहील. सायकलीची वाट या सगळ्यात फुकट मिळते. नफ्यातला नफा म्हणतात तो हा.

तेव्हा मागणी एवढीच: काही करू नका. सरकारकडे काही करा म्हणणारे अर्ज ढिगाने असतात, काही करू नका म्हणणारा हा पहिलाच असेल. फार तर बांधाच्या तोंडाशी 'कृपया डांबर टाकू नये' अशी एक पाटी लावावी.

नको, पाटीही नको. पाटी आली की तिचे टेंडर येईल, टेंडरमागे अनावरण येईल, अनावरणाला साहेब येतील, आणि साहेबांची गाडी पाटीपर्यंत पोहोचावी म्हणून आदल्या रात्री डांबर पडेल.