नवीनच घे ना!

"आत्या, कशाला दुरुस्त करत बसतेस? नवीनच घे ना!"

मंडळी, हे वाक्य आता माझं पाठ झालंय. भाचा म्हणतो, सून म्हणते, समोरच्या बिल्डिंगमधला इंजिनियर मुलगा म्हणतो. आणि गंमत म्हणजे कंपनीने दुरुस्तीसाठी म्हणून पाठवलेला माणूसही दारातून आत येऊन पाच मिनिटांत हेच म्हणतो. फक्त तो "घे ना"च्या ऐवजी "घ्या ना, आजी" म्हणतो, एवढाच काय तो आदर!

छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे वाक्य सोडवून बघायची खोड जात नाही. "नवीनच घे" यात "नवीन" हा शब्द महत्त्वाचा नाही. महत्त्वाचा आहे तो "च". या "च"ने दुसरा पर्यायच संपवून टाकला आहे. आज मला या "च"विरुद्ध भांडायचं आहे. (घरच्यांनी राग मानू नये. मानला तरी लिहिणार आहेच!)

आधी माझ्या वॉशिंग मशिनची गोष्ट सांगते. आठ वर्षांचं मशिन. एके दिवशी ड्रममध्ये पाणी आणि कपडे तसेच ठेवून बंद पडलं आणि पडद्यावर एक अक्षर आणि एक आकडा दाखवत बसलं. कंपनीला फोन केला. एक दाबा, दोन दाबा, मग संगीत ऐका, असं सगळं झाल्यावर तिसऱ्या दिवशी एक मुलगा आला. बिचारा सभ्य होता. मागचं झाकण उघडलं, बघितलं, आणि म्हणाला, "बोर्ड गेलाय. हे मॉडेल आता बंद झालंय, बोर्ड येत नाही. एक्स्चेंज ऑफर चालू आहे." व्हिजिट चार्ज घेतला आणि गेला. म्हणजे माझं मशिन बंद आहे हे मला सांगायचे मी पैसे दिले. ते तर मला आधीच माहीत होतं!

मग आमच्या पेठेतल्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने तो बोर्ड मला हातात घेऊन दाखवला. वर डिंकासारखा घट्ट लेप ओतलेला. तो म्हणाला, "काकू, आत जळलाय तो एखादा साधा पार्ट असेल. पण हा लेप खरवडताना बाकीचं तुटतं." ओल्या जागेतलं मशिन, ओलाव्यापासून बोर्ड वाचावा म्हणून हा लेप असतो, हे मला मान्य आहे. पण त्याच लेपामुळे एका छोट्या भागापायी अख्खा बोर्ड टाकावा लागतो, आणि कंपनीने तो बोर्ड देणं बंद केलं की अख्खं मशिन! त्या माणसाने तपकीर गल्लीत चार दुकानं फिरून, भंगारात निघालेल्या तशाच मशिनचा बोर्ड मिळवला. बोर्ड आणि मजुरी धरून दोन हजार दोनशे रुपये. नव्या मशिनसाठी दुकानात सांगितले होते चोवीस हजार. मशिन आज चालू आहे.

आता तुम्ही म्हणाल, नशीब चांगलं म्हणून भंगारात बोर्ड मिळाला. अगदी बरोबर. माझा मुद्दाच तो आहे. दुरुस्ती ही नशिबाची गोष्ट का असावी?

याच्या उलट आपल्या प्रेशर कुकरकडे बघा. माझ्या घरातला कुकर सव्वीस वर्षांचा आहे. रिंग सैल झाली, बदलली. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, नवा बसवला. शिट्टी हरवली, हँडल जळलं, तेही आणलं. यातली प्रत्येक वस्तू तुळशीबागेत किंवा कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात टांगलेली असते. कुकरचा साइज सांगितला की दुकानदार काढून देतो आणि आपण घरी येऊन स्वतः बसवतो. वाफेच्या दाबावर चालणारी, निष्काळजीपणा केला तर स्फोट होऊ शकेल अशी ही वस्तू! ती जर सामान्य गृहिणीच्या हातात उघडायला, सुटे भाग बदलायला देता येते, तर मोबाइलची बॅटरी बदलणं धोक्याचं आहे असं आम्हाला कोणत्या तोंडाने सांगता?

स्टोव्हला पिन करणारी, मिक्सरचा कपलर स्वतः बदलणारी, पावसाळ्याआधी छत्रीच्या काड्या बसवून घेणारी आमची पिढी. पितळी भांडी कल्हईला द्यायचो. ते गरिबीमुळे होतं असं आमचा भाचा म्हणतो. थोडंसं होतंच. पण त्या वस्तू उघडता येत होत्या, हेही तितकंच खरं आहे.

मिक्सरवरून आठवलं. आपल्या घराघरांत पोचलेल्या सुमीत मिक्सरचा जन्मच दुरुस्ती न मिळण्यातून झाला. १९६० च्या दशकात मुंबईतल्या माधुरी माथुर यांचा परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे जळला आणि इथे तो दुरुस्त करून मिळेना. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर इंजिनियर. त्यांनी ओलं-कोरडं दोन्ही वाटेल अशी दणकट मोटर असलेलं यंत्र स्वतःच तयार केलं. पुढे किती सासुरवाशिणींचा पाटा-वरवंटा त्यामुळे सुटला! वस्तू उघडून बघणाऱ्या माणसालाच नवं काही सुचतं. सगळं लेपाने बंद केलं तर पुढचा माथुर कुठून येणार?

"पण आत्या, दुरुस्तीला जितके पैसे जातात तितक्यात नवीन येतं." हा भाच्याचा हुकमी एक्का. कधीकधी ते खरंही असतं. पण ते तसं का असतं हे कोणी विचारत नाही. सुटा भाग फक्त कंपनीच विकणार, त्याची किंमत तीच ठरवणार, आणि नवीन मशिन विकणारीही तीच. मग ती दोन्हींचा मेळ कसा घालेल हे सांगायला गणिताचे सर लागत नाहीत. हा माझ्या डोक्यातला संशय नाही. मोटारींच्या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, तो याचसाठी. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू द्यायची नाही, असा त्यांचा कारभार होता. पुढे कंपन्या अपिलात गेल्या, ते वेगळं. पण आयोगाने म्हटलं तेच मी स्वयंपाकघरात उभी राहून म्हणतेय.

आणि ही युक्ती आजची नाही हो! १९२४ साली जगातल्या मोठमोठ्या बल्ब कंपन्या एकत्र आल्या, 'फीबस' नावाचा संघ केला आणि ठरवलं की बल्ब हजार तासांवर चालता कामा नये. त्याआधी त्याहून जास्त चालणारे बल्ब मिळत होते. ज्याचा बल्ब जास्त चालेल त्या कंपनीला दंड! जास्त टिकाऊ माल बनवला म्हणून शिक्षा. वर्गात एखाद्या मुलाला जास्त मार्क मिळाले म्हणून मी छडी मारली असती तर पालकांनी शाळेवर मोर्चा आणला असता.

आता वॉरंटी. दुकानात मशिनवर मोठ्ठा गोल स्टिकर असतो, "१० वर्षं वॉरंटी". चष्मा पुसून खाली वाचा. दहा वर्षं फक्त मोटरला, फ्रिज असेल तर कॉम्प्रेसरला. बाकीच्या मशिनला एक किंवा दोन वर्षं. माझ्या मशिनचं काय गेलं? बोर्ड. मोटर ठणठणीत! म्हणजे मोटरचं वचन दहा वर्षांचं, आणि ती मोटर फिरवणारा बोर्ड आठव्या वर्षी बाजारात मिळत नाही. नवऱ्या मुलाचा घोडा धडधाकट आहे, फक्त नवरा मुलगाच आलेला नाही, तरी लग्न लावा म्हणण्यासारखं आहे हे.

दुसरा आक्षेप सुनेचा. तो मला जास्त विचार करण्यासारखा वाटतो. ती म्हणते, "नवीन वस्तू वीज कमी खातात." खरं आहे. जुना पिवळा बल्ब काढून एलईडी लावला यात मलाही आनंदच आहे. वीस वर्षांपूर्वीचा फ्रिज नुसत्या प्रेमापोटी चालवत बसू नये. वीज वाचवणाऱ्या ताऱ्यांची लेबलं बघून वस्तू घ्यावी, मीही घेते. पण आठ वर्षांचं मशिन आणि तीन वर्षांचा मोबाइल? तो मोबाइल बनवतानाच केवढी धातूंची खोदाई आणि केवढी वीज खर्च झालेली असते, ती त्याच्या बिलात दिसत नाही इतकंच. आणि टाकलेलं जातं कुठे? ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, कंपन्यांवर जबाबदारी टाकली गेली, चांगलं झालं. पण कचरा नीट गोळा करण्यापेक्षा तो होऊच न देणं बरं, हे कोणतीही गृहिणी सांगेल.

तिसरा आक्षेप, "दुरुस्तीवाले फसवतात." काही फसवतात. चांगला भाग काढून खराब घालणारे मीही पाहिलेत. पण माहितीपत्रक नाही, भागाची छापील किंमत नाही, अस्सल भाग दुकानात नाही, अशा अंधारात फसवणूक वाढणारच. कुकरच्या रिंगमध्ये मला कोणी फसवू शकत नाही. का? तर ती पाकिटात, किंमत छापून मिळते म्हणून!

आपल्या महाराष्ट्राला या लढाईचं वावडं नाही, उलट वारसा आहे. १९७२ मध्ये मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी बायकांना घेऊन महागाईविरुद्ध लाटणी हातात घेतली. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. तेव्हा भांडण होतं भेसळीचं, वजनाचं, टंचाईचं. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला, पुढे २०१९ चा नवा कायदा आला. त्यात ग्राहकाचे सहा हक्क लिहिलेत. सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा, म्हणणं मांडण्याचा, दाद मागण्याचा आणि ग्राहक शिक्षणाचा. दुरुस्तीचा हक्क या सहांत नाही. माझ्या मते सातवा तो हवा.

सरकारला हे कळलेलं नाही असं नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं. त्यावर कंपन्यांनी माहिती द्यायची. मोबाइलसारख्या वस्तूंना दुरुस्तीसुलभतेचे गुण द्यावेत, यासाठी नेमलेल्या समितीचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला. फ्रान्समध्ये असे दहापैकी गुण द्यायला २०२१ मध्येच सुरुवात झाली. युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम केला, की फेब्रुवारी २०२७ पासून बऱ्याच उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. तिकडच्या माणसाला जे जमतं ते आपल्याला जमत नाही असं आहे का? आपल्याकडे तर गल्लीबोळांत इतके हुशार कारागीर बसलेत! आमचा पेठेतला दुरुस्तीवाला दहावी नापास आहे, पण मीटर लावून बोर्डातला दोष शोधताना त्याचे डोळे बघा. त्याच्या मुलाने मात्र हा धंदा घ्यायला नकार दिलाय. "भागच मिळत नाहीत तर शिकून काय करू?" म्हणतो. त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि हे मला मशिनपेक्षा जास्त लागलं.

म्हणून आता काय करायचं? मी ठरवलंय, कुठल्याही दुकानात गेले की किंमत विचारायच्या आधी तीन प्रश्न विचारायचे. याचे सुटे भाग किती वर्षं मिळतील? बाहेरच्या माणसाकडून दुरुस्त केलं तर चालेल का? बॅटरी किंवा बोर्ड वेगळा विकत मिळतो का, आणि केवढ्याला? उत्तर तोंडी नको, बिलावर लिहून मागायचं. परवा पंख्याच्या दुकानात विचारलं तर काउंटरवरचा मुलगा हसला आणि म्हणाला, "काकू, हे आजपर्यंत कोणीच विचारलं नाही." मी म्हटलं, "मग उद्यापासून विचारतील." त्याने मालकाला बोलावलं. मालकाने कंपनीला फोन लावला. कंपनीलाही माहीत नव्हतं!

भाग नाही म्हणाले, बिलाशिवाय पैसे मागितले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. एकट्या म्हातारीने विचारलं तर हसतात. पन्नास जणांनी विचारलं तर फाइल उघडतात. शंभरांनी विचारलं तर भाग मिळायला लागतात.

आणि भाच्या, तुझा तो कोपऱ्यात तडा गेलेला मोबाइल विकू नकोस. रविवारी घेऊन ये. तपकीर गल्लीत जाऊ, काच बदलून आणू. येताना मिसळ माझ्याकडून.