आधी वाचक, मग छापखाना

अणुयुद्धात मॉस्को बेचिराख झाले आहे. उरलीसुरली माणसे भुयारी रेल्वेच्या स्थानकांत जगतात. आणि तिथेही साम्यवाद्यांचे राज्य वेगळे, फॅसिस्टांचे वेगळे! ही दिमित्री ग्लुखोव्स्की यांची 'मेट्रो २०३३' ही रशियन कादंबरी. प्रकाशकांनी ती नाकारली, तेव्हा २००२ साली त्यांनी ती इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवली. वाचक वाढत गेले आणि २००५ साली ती छापून निघाली.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. पुस्तक विकत घेणे म्हणजे आमच्याकडे चैनच. ही कादंबरी मी इंग्रजीतून वाचली, शेजारी शब्दकोश ठेवून. म्हणून लेखकाचा तो निर्णय मला मोलाचा वाटतो. फुकट दिले तर लेखकाने खायचे काय, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण इथे फुकट वाचणाऱ्यांमुळेच प्रकाशकाचे दार उघडले.

युक्रेनवरील युद्धाला विरोध केला म्हणून २०२३ साली मॉस्कोच्या न्यायालयाने ग्लुखोव्स्कींना, ते देशाबाहेर असताना, आठ वर्षांची शिक्षा सुनावली. लेखकाला शिक्षा देता येते. पण लोकांनी वाचून टाकलेले पुस्तक परत कसे घेणार?