सगळे 'सकर' सारखेच? आधी मोजा तरी!

"अहो, सगळे सकर सारखेच. काच साफ करतात." परवा बारामतीतल्या एका दुकानात हे ऐकलं आणि डोकंच फिरलं.

सारखे? ब्रिसलनोज पूर्ण वाढला तरी पाच-सहा इंच. सेलफिन प्लेको, म्हणजे आपला 'हेलिकॉप्टर', सहज दीड फूट. दोन इंचाचे असताना मात्र दोघेही काळपट, काचेला चिकटलेले. मग ओळखायचं कसं? पाठीवरचा पर उभारला की मोजा. पहिल्या जाड काट्यामागे ब्रिसलनोजला साधारण सात मऊ काड्या, सेलफिनला दहा किंवा जास्त. सेलफिनमध्येही पोटावर सुटे ठिपके म्हणजे पार्डेलिस, नागमोडी रेघा म्हणजे डिसजंक्टिव्हस, शिवाय अधलेमधले. तो वाद तज्ज्ञांना घालू द्या. आपल्याला दहापर्यंत मोजता आलं तरी पुरे.

एवढा त्रागा कशाला? कारण इंजिनिअरिंगला असताना टाकीत मावेना म्हणून असाच एक आम्ही इंदापूरजवळ उजनीत सोडला होता. वाटलं, जीवदान दिलं! दक्षिण अमेरिकेतला हा मासा आता उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. अंगावर हाडाचं चिलखत, काटे अडकून जाळं फाटतं आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. पुण्य आमचं, जाळं भिगवणच्या मच्छीमाराचं.

कोडमध्ये दोन गोष्टींना एकच नाव दिलं तर बग माझ्या नावावर लागतो. इथे दुकानदाराचा बग तिसराच निस्तरतो.

तेव्हा दुकानदारांनो, टाकीवर खरं नाव आणि पूर्ण वाढीची लांबी लिहा. आणि मंडळी, मासा वाढलाच तर दुकानात परत द्या, धरणात नको. बास, एवढंच!