जुन्या विंधन विहिरींची चौकशी आधी करा

1892 साली पूर्ण झालेल्या तानसा धरणापासून पुढे भातसापर्यंत ज्या शहापूर तालुक्याने मुंबईची तहान भागविली, त्याच तालुक्यात आणि शेजारच्या मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात, पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पर्जन्य होऊनही, चैत्र-वैशाखात पाड्यांवर टँकर धाडावे लागतात. आणि या दुःस्थितीवर उपाय म्हणून टंचाई आराखड्यात प्रथम नव्या विंधन विहिरींची मागणी होते. जुन्या बोअरची रीतसर तपासणी झाल्यावाचून नवीला मंजुरीच मिळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथील काळा पाषाण अंगी फारसे पाणी धरीत नाही. जे काही पाणी असते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगा-सांध्यांत. कालांतराने बोअरमध्ये गाळ साचतो, भेगांची तोंडे माती व गंजाने बुजतात, आणि खाली पाणी असूनही हातपंपाचा दांडा मारणाऱ्या बाईच्या हंड्यात धार पडत नाही. अशा ठिकाणी कॉम्प्रेसरने हवा सोडून गाळ बाहेर काढला, तर पुष्कळदा काम भागते. तेवढ्याने न भागल्यास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला अवगत असलेले जलभंजनाचे तंत्र आहे: केसिंगच्या खाली अभंग खडकात पॅकर घट्ट बसवून त्याखाली प्रचंड दाबाने पाणी सोडले असता बुजलेल्या भेगा मोकळ्या होतात आणि दूरच्या भेगांशी त्यांचा संबंध जुळतो.

मात्र जेथे भूगर्भातील साठाच उन्हाळ्यात संपतो, तेथे कितीही दाब दिला तरी पाणी निर्माण होणार नाही. तेथे आधी ओढ्यावर बंधारे घालून पाणी जिरविले पाहिजे. कित्येकदा तर बोअर निर्दोष असते आणि बिघाड केवळ पंपाच्या वॉशरचा वा नळीचा असतो. दोष पंपात, बोअरमध्ये की खडकात, हे ठरविल्याखेरीज केलेला खर्च सरकारी तिजोरीतून गेला तरी अखेर त्या पाड्यावरील बाईच्याच डोक्यावर बसतो, कारण तिला पुढच्या वर्षीही तीच पायपीट करावी लागते.

म्हणून दुरुस्तीपूर्वी आणि दुरुस्तीनंतर, तेही ऐन उन्हाळ्यात, पाण्याची पातळी आणि तासाला मिळणारे लिटर मोजून ते आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याची सक्ती व्हावी, आणि ठेकेदाराचे देयक त्या मोजणीनंतरच अदा व्हावे.