हजरतगंजमधली अर्ध्या तासाची तपासणी

लखनौचा हजरतगंज म्हणजे चिकनकारीच्या कुर्त्यांची दुकाने, टोकरी चाट आणि संध्याकाळी नुसते फिरायला बाहेर पडलेल्यांची गर्दी. या बाजारातून पायी निघाले की पार्क रोडवर श्यामाप्रसाद मुखर्जी रुग्णालय लागते. लखनौकर त्याला 'सिव्हिल' म्हणतात. झाशीच्या राणीची सहकारी झलकारीबाई हिच्या नावाचे सरकारी महिला रुग्णालयही याच भागात आहे. सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी फुकट होते. तरीही तिथे आपणहून जाणारा विरळाच. गरोदरपणात डॉक्टर सांगतात म्हणून किंवा क्षयरोग निघाला म्हणून तपासणी होते. धडधाकट माणूस तपासणीच्या खोलीच्या वाटेला जात नाही.

देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या २५ लाखांच्या वर आहे आणि त्यात महाराष्ट्राचा क्रमांक पहिला लागतो. यातल्या साधारण पाचांपैकी एकाला आपल्या संसर्गाचा पत्ताच नाही. वर्षानुवर्षे लक्षण दिसत नाही, आणि तोवर शरीर आतून खचत जाते.

लोक तपासणीला का बिचकतात, हे समजून घ्यायचे तर गोव्यात जावे लागते. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाने केलेल्या रक्तदानातून त्याचा संसर्ग उघड झाला. पोलिसांनी त्याला उचलले आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात दोन महिन्यांहून अधिक काळ एकट्याला कोंडून ठेवले. त्याने कोणताही गुन्हा केलेला नव्हता. गोव्याच्या तेव्हाच्या आरोग्य कायद्यातच तशी तरतूद होती. आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. पुढे डॉमिनिकने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला.

लखनौचीही अशीच एक जखम आहे. जुलै २००१ मध्ये पोलिसांनी एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्या भरोसा ट्रस्ट आणि नाझ फाउंडेशन इंटरनॅशनलच्या चार कार्यकर्त्यांना पकडले. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ लावले. कंडोम आणि माहितीपत्रके वाटणारी ही माणसे दीड महिन्याहून अधिक काळ तुरुंगात राहिली. ज्यांना तपासणीला आणायचे, त्यांच्यापर्यंत पोहोचणाराच गजाआड गेला, तर बाकीचे कुठल्या विश्वासावर पुढे येणार?

म्हणूनच २०१८ चा सप्टेंबर महत्त्वाचा. ६ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना कलम ३७७ मधून मुक्त केले. चारच दिवसांनी, १० तारखेला, एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा देशभर लागू झाला. समजावून सांगून घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी करायची नाही, अहवाल गुप्त ठेवायचा, नोकरी, शिक्षण किंवा उपचार यांसाठी तपासणीची अट घालायची नाही, हे आता कायद्याने बंधनकारक आहे. शस्त्रक्रियेआधीच्या रक्ततपासणीत न विचारता एचआयव्हीचीही चाचणी उरकणाऱ्या खासगी दवाखान्यांनी हा कायदा एकदा वाचावा. डॉमिनिकचे जे झाले, ते आज कोणी केले तर गुन्हेगार वेगळा ठरेल.

'आपला काय संबंध?' हा दुसरा अडथळा. त्याला उत्तर लखनौच्या शेजारच्याच उन्नाव जिल्ह्याने दिले. २०१८ च्या सुरुवातीला तिथल्या बांगरमऊ भागात तपासणी शिबिरे झाली आणि डझनांनी लोक पॉझिटिव्ह निघाले. त्यात मुले होती, वयस्क होते. एक भोंदू डॉक्टर स्वस्तात इंजेक्शने टोचत फिरायचा. एकच सुई पुन्हापुन्हा वापरल्याचा ठपका त्याच्यावर आला. तापावर इंजेक्शन घेणाऱ्या माणसाला कोणत्या 'जोखीम गटात' बसवायचे? शिबिरे झाली नसती, तर हे कळायला अजून किती वर्षे लागली असती कोण जाणे.

प्रत्यक्ष तपासणी अगदी साधी असते. सरकारी रुग्णालयातल्या 'आयसीटीसी'त, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, डॉक्टरची चिठ्ठी नसली तरी जाता येते. आधी समुपदेशक दार लावून बोलतो, शंका ऐकतो, संमती घेतो. मग थोडे रक्त घेतात. त्याचे थेंब किटवर पडतात आणि साधारण अर्ध्या तासात रेघ उमटते किंवा उमटत नाही. एका किटवर संसर्ग दिसला म्हणून निकाल सांगत नाहीत. वेगवेगळ्या तीन किटवर तपासूनच तो पक्का होतो. शंकास्पद प्रसंग नुकताच घडला असेल तर आलेल्या निगेटिव्ह अहवालावर विसंबू नये, तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. प्रसंग ७२ तासांच्या आतला असेल तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा. २८ दिवसांच्या गोळ्यांनी संसर्ग टाळता येतो.

आणि पॉझिटिव्ह आला तर? भारतातला पहिला संसर्ग १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन यांनी उजेडात आणला. त्या माहेरच्या गायतोंडे, म्हणजे मराठी घरातल्याच. तेव्हा हाती औषध नव्हते. सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी, म्हणजे विषाणूला रोखणारी औषधे, सुरू झाली ती १ एप्रिल २००४ पासून. आता निदान झाल्याबरोबर उपचार सुरू होतात. गोळ्या नेमाने घेऊन रक्तातला विषाणू मोजता येऊ नये इतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. गरोदरपणी वेळेत कळले, तर बाळाला वाचवता येण्याची शक्यता फार मोठी असते.

तपासणीचा हा प्रश्न लखनौचा तितकाच मुंबईचाही आहे. पुष्पक एक्स्प्रेसने मुंबईला येणारा बांधकाम मजूर सहा महिने इथे, दोन महिने गावी असतो. घरापासून दूर राहणाऱ्याची तपासणी दोन्हीकडे राहून जाते. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात सुरू झालेले उपचार मुंबईच्या केईएममध्ये वर्ग करता येतात, ही सोय त्याच्यापर्यंत पोहोचवली पाहिजे. आणि केंद्रांनीही वेळ बदलावी. दिवसाची मजुरी बुडवून कोणी रांगेत उभा राहणार नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी तरी ती खोली उघडी ठेवा.

ज्यांनी आजवर एकदाही तपासणी केलेली नाही, त्यांनी या महिन्यात ती करून घ्यावी, लग्न ठरलेल्या जोडप्यांनी तर दोघांनी मिळून. केंद्र कुठे आहे हे १०९७ या मोफत क्रमांकावर सांगतात.