अपरिचित ग्राहकाची पत

आजोबांचे सोन्याचे घड्याळ किंवा जुनी नाणी ऑनलाइन लिलावात मांडणाऱ्यापुढे एकच प्रश्न असतो : सर्वांत मोठी बोली ज्याची, त्याची पत काय? पियरे ओमिद्यार यांनी १९९५ साली अमेरिकेत सुरू केलेल्या 'ईबे' या लिलावपेठेने १९९६ मध्ये त्यावर तोड काढली. व्यवहारानंतर उभयतांनी परस्परांविषयी अभिप्राय नोंदवावा, अशी ती व्यवस्था होती. परंतु विक्रेत्याच्या सूडाच्या भयाने ग्राहक खरे लिहिनासे झाले, तेव्हा २००८ मध्ये ग्राहकाविरुद्ध प्रतिकूल शेरा मारण्याचा विक्रेत्याचा अधिकारच काढून घेण्यात आला. परिणामी, ग्राहकाच्या नावापुढील गुण ही त्याच्या सचोटीची हमी राहिली नाही.

मग नवख्याला दारातूनच परत धाडावे काय? मुळीच नाही, प्रत्येक जुना ग्राहक एकेकाळी नवखाच होता. दक्षता माणूस पाहून नव्हे, वस्तूचे मोल पाहून घ्यावी. रक्कम जमा झाल्याखेरीज वस्तू पाठवू नये. पाठविताना विमा उतरवावा, पोच सहीनिशी घ्यावी, छायाचित्रे जपावीत. कार्डाने दिलेली रक्कम ग्राहक तक्रार करून मागाहूनही परत मागू शकतो. त्या वेळी विक्रेत्याच्या बाजूने साक्ष देतो, तो हा कागदच.