दुखणे दाखवण्याचे धैर्य

पिंपळे गुरवच्या चौकांत पहाटेपासून ज्या बसगाड्या थांबतात, त्यांतील काही भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांची पहिली पाळी भरण्यासाठी निघालेल्या असतात आणि काही, थोड्या उशिराने, हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाची वाट धरतात. एका गाडीतील मनुष्य लोखंडाला आकार देतो आणि दुसऱ्या गाडीतील मनुष्य संगणकाच्या आज्ञावली लिहितो, ही विभागणी एके काळी खरी होती. आज तिचा फारसा अर्थ उरलेला नाही. भोसरीतील लहानशा वर्कशॉपमध्येही सीएनसी यंत्रास आज्ञा देणारा संगणक असतो, मालाची मागणी ई-मेलवर येते, जीएसटीचा हिशेब संगणकावर होतो आणि ई-वे बिल निघाल्याखेरीज भरलेला ट्रक फाटकाबाहेर पडत नाही. अशा स्थितीत संगणकावर घाला पडला तर यंत्र, माल, कामगार आणि पगार हे सर्वच एकदम अडकून पडतात. हा घाला ओळखणारा, त्याची रीत उकलणारा आणि त्यावर उपाय शोधणारा जो संगणक-सुरक्षा संशोधक, त्याच्याविषयी मात्र आपल्या समाजात अज्ञान आणि संशय या दोहोंखेरीज फारसे काही आढळत नाही.

हे अज्ञान अधिकच खेदजनक वाटते, कारण या विद्येचा भारतातील एक ठळक आरंभ आपल्याच पुण्यात, मराठी घरातील दोन भावांच्या हातून झाला. मूळचे सातारा जिल्ह्यातील काटकर कुटुंब पुण्यात स्थायिक झालेले होते. थोरले कैलास यांचे शालेय शिक्षण अर्ध्यावर सुटले आणि महिना चारशे रुपयांवर त्यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली. पुढे १९९०च्या सुमारास मंगळवार पेठेत त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान मांडले. बँकांच्या कचेऱ्यांत कामानिमित्त जाणे-येणे होत असल्यामुळे, येणारा काळ संगणकाचा आहे हे त्यांच्या चाणाक्ष नजरेने वेळीच हेरले आणि धाकट्या संजय यांना संगणकशास्त्र शिकण्याचा आग्रह त्यांनी धरला. संजय यांनी मॉडर्न महाविद्यालयात प्रवेश घेतला, तेव्हा तेथील प्रयोगशाळेतील संगणक विषाणूंच्या उपद्रवाने वारंवार बंद पडत असत. इतरांना जी केवळ अडचण वाटली, ती या विद्यार्थ्यास अभ्यासाचा विषय वाटली, आणि येथूनच एका संशोधकाच्या आयुष्यास दिशा मिळाली.

त्या अभ्यासाचे स्वरूप नीट समजून घेण्याजोगे आहे. त्या काळी गाजलेला मायकेलअँजेलो नावाचा विषाणू १९९१मध्ये प्रथम दृष्टोत्पत्तीस आला. संगणकात विसरून राहिलेल्या दूषित फ्लॉपीवरून संगणक चालू झाला की तो हार्ड डिस्कच्या अगदी आरंभीच्या भागात ठाण मांडी, तेथील मूळ मजकूर दुसऱ्या जागी हलवी, आणि ६ मार्च या त्या थोर इटालियन कलावंताच्या जन्मदिवशी संगणक सुरू झाला तर डिस्कवरील माहिती निरर्थक अक्षरांनी पुसून टाकी. अशा विषाणूचा बंदोबस्त करावयाचा म्हणजे प्रथम त्याची आज्ञावली एकेका सूचनेने उलगडावयाची, त्याने मूळ मजकूर कोठे दडवला आहे ते शोधावयाचे, त्याला हटकून ओळखता येईल अशी एखादी खूण निश्चित करावयाची आणि मग मूळ मजकूर अलगद जागेवर आणून ठेवावयाचा. यात एका अक्षराची चूक झाली तरी रोगापेक्षा उपचारच अधिक घातक ठरे. पुढे प्रत्येक संसर्गागणिक आपले रूप पालटणारे विषाणू आले आणि केवळ खुणेवर विसंबणेही पुरेसे राहिले नाही. संजय काटकरांनी मायकेलअँजेलोवर उतारा तयार केला, त्यापाठोपाठ इतर विषाणूंवरही केला, आणि हे सुटे सुटे उतारे एकत्र करून विकण्याची कल्पना कैलास यांनी पुढे मांडली. १९९३मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही संस्था उभी राहिली आणि दोन-एक वर्षांत ‘क्विक हील’ हे नाव बाजारात आले.

पुढील इतिहास व्यापाराच्या पानांवर वाचावयास मिळतो. २००७मध्ये कंपनीने उत्पादनाचेच नाव धारण केले, २०१०मध्ये सिकोया कॅपिटलने तीत साठ कोटी रुपये गुंतवले आणि फेब्रुवारी २०१६मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात दाखल झाले. त्याहून मोलाची गोष्ट अशी की मूळचे संशोधनाचे काम थांबले नाही. भारतीय संरक्षण दलांशी संबंधित व्यक्तींना जाळ्यात ओढणाऱ्या ‘साइडकॉपी’ या हेरगिरीच्या मोहिमेचा तपशील २०२०मध्ये याच कंपनीच्या पुण्यातील संशोधकांनी जगापुढे ठेवला. एका महाविद्यालयाच्या बंद पडणाऱ्या संगणकांपासून देशाच्या संरक्षणापर्यंतचा हा प्रवास कोणाही मराठी माणसास अभिमान वाटावा असाच आहे.

तथापि केवळ अभिमान बाळगून थांबणे मला अपुरे वाटते. या चरित्रातून घ्यावयाचा बोध बुद्धी आणि चिकाटी यांच्या गौरवापलीकडचा आहे. काटकर बंधूंजवळ त्या आरंभीच्या वर्षांत भांडवल नव्हते, परदेशी पदवी नव्हती, सरकारी आश्रय नव्हता. परंतु दुरुस्तीचे दुकान होते, आणि त्या दुकानात माणसे आपला बिघडलेला संगणक राजीखुशीने घेऊन येत होती. ‘यात काहीतरी शिरले आहे, पाहा,’ असे म्हणण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. दूषित डिस्क दुरुस्त करणाऱ्याच्या हाती विश्वासाने सोपवली जात होती, म्हणूनच त्याला नवनवे विषाणू प्रत्यक्ष हाताळावयास मिळाले आणि एका ग्राहकाच्या संगणकावर शोधलेला उपाय उद्या शंभरांच्या उपयोगी पडला. रोग लपवणाऱ्या रुग्णापुढे जसा धन्वंतरीही हतबल होतो, तसा दोष लपवणाऱ्या समाजात सुरक्षा संशोधक निष्प्रभ होतो. दुखणे दाखवणारा आणि ते निर्भयपणे तपासणारा, या दोघांच्या परस्पर विश्वासावर ही सारी विद्या उभी आहे. आणि आज नेमका हाच विश्वास आपल्याकडे क्षीण झालेला आहे.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८मध्ये जो घाला पडला, त्यात दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत घातक आज्ञावली घुसवून, खोट्या मंजुरीच्या जोरावर अठ्ठावीस देशांतील एटीएममधून रोकड काढण्यात आली. बँकेने फिर्याद नोंदवली आणि प्रकरण काही दिवसांतच जाहीरपणे सांगितले. त्यामुळे इतर बँकांना सावध होता आले, पुढे तपास झाला आणि २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा आरोपींना शिक्षाही सुनावली. २०२१च्या आरंभी आपल्या पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरांवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या आज्ञावलीचा, हल्ला झाला, तेव्हाही फिर्याद पोलिसांत गेली. ही दोन्ही प्रकरणे नागरिकांना ठाऊक झाली, कारण ती दफ्तरी दाखल झाली. परंतु या औद्योगिक पट्ट्यात, मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखानदाराचा संगणक रॅन्समवेअरने अडवला, तर तो ‘ऑर्डर हातची जाईल, मोठी कंपनी काय म्हणेल’ या धास्तीने मूग गिळून बसणे पसंत करतो. ही धास्ती समजण्याजोगी असली तरी तिचे परिणाम एकट्या त्याच्यापुरते राहत नाहीत. पुरवठ्याच्या साखळीत त्याच्या पुढे-मागे उभे असलेले सर्वजण त्याच दरोडेखोराच्या पुढच्या फेरीस आयते सापडतात. सायबर घटना उघडकीस आल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेस कळवावी, असा हुकूम २८ एप्रिल २०२२ रोजी निघालेला आहे. पण हुकूम आणि सवय यांत अंतर असते, आणि ते अंतर केवळ दंडाच्या भयाने मिटत नाही.

दुसरी बाजू संशोधकाची. अभियांत्रिकीच्या एखाद्या विद्यार्थ्यास एखाद्या संस्थेच्या संकेतस्थळावर असा दोष आढळला की ज्यातून सहस्रावधी नागरिकांची खासगी माहिती कोणाच्याही हाती पडू शकेल, तर त्याने काय करावे? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याचे कलम ४३ मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीवाचून संगणकात प्रवेश करणाऱ्यास नुकसानभरपाईस जबाबदार धरते. आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केले असल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘अप्रामाणिकपणे वा कपटाने’ ही शब्दयोजना सद्हेतूच्या मनुष्यास अखेरीस तारू शकेल हे खरे; परंतु ते अखेरीस, म्हणजे जबाब, जप्ती, वकील आणि तारखा यांतून पार पडल्यावर. शहाणा विद्यार्थी इतके सोसण्यापेक्षा गप्प राहणे पत्करतो, आणि तोच दोष पुढे दुर्जनाच्या दृष्टीस पडतो.

यावर आक्षेप असा घेतला जातो की परवानगीवाचून कुलूप चाचपणाऱ्यास अभय दिले, तर प्रत्येक चोर स्वतःस संशोधक म्हणवील. आक्षेप निराधार नाही, पण त्याचे उत्तर इतर देशांनी शोधलेले आहे. अमेरिकेच्या न्याय खात्याने मे २०२२मध्ये असे धोरण जाहीर केले की सद्हेतूने केलेल्या सुरक्षा संशोधनाबद्दल खटला भरू नये. बेल्जियमने २०२३पासून कायद्यानेच संरक्षण दिले, मात्र त्यास अटी घातल्या: दोष सिद्ध करण्यापुरतेच पाऊल टाकावे, तो विनाविलंब संबंधितांस व शासकीय संस्थेस कळवावा, आणि त्याचा बभ्रा परस्पर करू नये. या अटींची कसोटी लावली असता चोर आणि संशोधक यांतील भेद सहज दिसून येतो, कारण चोर कधी आपण होऊन वर्दी देत नाही. आपल्याकडे सर्ट-इनने दोष कळवण्याची रीत ठरवून दिली आहे. उणीव आहे ती कायद्याच्या स्पष्ट अभयाची, आणि ती संसदेने कलम ४३मध्ये सद्हेतूचा अपवाद घालून दूर केली पाहिजे.

संसदेची वाट न पाहता आपल्या शहरासही बरेच करता येण्याजोगे आहे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने आपल्या संकेतस्थळांतील दोष कोणी, कोठे आणि कसा कळवावा याचा जाहीरनामा काढावा आणि नियम पाळून कळवणाऱ्याविरुद्ध फिर्याद करणार नाही असे लेखी वचन त्यात द्यावे. परवानगी देणे मालकाच्या हाती असल्यामुळे अशा वचनास आजच्या कायद्यातही अर्थ आहे. भोसरी आणि चाकणच्या उद्योजक संघटनांनी असा समाईक कक्ष उभारावा की जेथे लहान कारखानदार आपले नाव गुप्त राखून झालेला घाला सांगू शकेल आणि त्याचा बोध इतरांपर्यंत पोहोचेल. या परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी मुख्य जाळ्यापासून विलग केलेल्या प्रयोगशाळांत विद्यार्थ्यांना खऱ्या घातक आज्ञावली उलगडण्याची मुभा द्यावी, कारण पाठ्यपुस्तकातील व्याख्या पाठ करून आजवर कोणीही संशोधक झालेला नाही. आणि कारखानदारांस माझी कळकळीची विनंती अशी की संगणकावर घाला पडला तर तो लपवू नका, सहा तासांच्या आत कळवा. आणि एखादा मुलगा किंवा मुलगी तुमच्या यंत्रणेतील उणीव सांगावयास आली, तर पोलिसांस बोलावण्यापूर्वी त्यांस बसावयास खुर्ची द्या आणि त्यांचे म्हणणे ऐकून घ्या.